अप्पांची येझदी, पोटॅशच्या गोण्या आणि अडकलेले आटे

जुन्या गाडीचा स्पार्क प्लग हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, तुटला की पुढे काय करायचं, हे मला २०२४च्या मे महिन्यात कोणी शांतपणे सांगितलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती. म्हणून जे घडलं ते तारीखवार लिहून ठेवतोय.

गाडी अप्पांची. येझदी रोडकिंग, १९८४ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात अप्पांनी केळीचा पहिला बाग लावला त्या वर्षी ती घेतली. कोविड येईपर्यंत ते रोज तिच्यावरून मळ्यात जायचे. मग गुडघे दुखायला लागले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली, खतांच्या गोण्यांशेजारी. ही गोण्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कारण निघाली.

मी नाशिकला शाळेत शिकवतो. २०२४ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला होती आणि १३ मेला आमच्या रावेर मतदारसंघाचं मतदान, त्यामुळे सुट्टी लागताच गावी आलो आणि राहिलो. मतदान करून आल्यावर अप्पांनी ट्रंकेतून आरसी बुक काढलं. मुदत १४ ऑगस्ट २०२४ला संपत होती. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि अप्पांनी ते एकदाही चुकवलेलं नव्हतं. "या खेपेला तू करून आण," एवढंच ते म्हणाले. तपासणीला गाडी चालती लागते, आणि आमची तर किकसुद्धा जड झाली होती.

१४ मेला सकाळी शेड उघडलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर धुतला, आणि प्लग बघू म्हणून प्लगपाना लावला. तो हलेना. मी पान्याच्या दांडीत दोन फुटी पाइप घातला आणि अंगाचा भार टाकला. 'कट्' असा आवाज आला आणि पाना एकदम सैल फिरला. क्षणभर वाटलं, निघाला. हातात आलं ते प्लगचं वरचं षटकोनी डोकं आणि फुटलेली चिनी माती. आट्यांचा भाग आत हेडमध्येच होता. अप्पा ओट्यावरून बघत होते. ते काहीच बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

थांबायला हवं होतं त्या ठिकाणी मी जोर लावला. पाना जागचा हलत नसेल आणि दांडी मात्र स्प्रिंगसारखी वाकतेय असं हाताला जाणवलं, की तिथेच हात काढून घ्या. आटा सुटण्याआधी पोलाद पिळतं, ते त्या जाणवण्यात कळतं.

त्याच संध्याकाळी शहरातल्या एका गॅरेजवाल्याला फोटो पाठवला. हँडड्रिलने भोक मोठं करून मोठ्या मापाचं काहीतरी बसवून देतो, असं त्याचं उत्तर आलं. चोपड्याचे आमचे जुने मिस्तरी, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी आधी गाडी बघू म्हटलं. १५ तारखेला ते घरी आले, हेडवर बोट फिरवलं, प्लगच्या कडेची पांढरी भुकटी नखाने खरवडली आणि शेजारच्या गोण्यांकडे पाहिलं. "मास्तर, ह्या कशाच्या?" पोटॅशच्या होत्या. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आमच्याकडे दरवर्षी गोण्या येतात.

पुढचं मी नंतर नीट समजून घेतलं. प्लग पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, म्हणजे तो एक छोटा सेलच होतो, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याचा जो पांढरा ऑक्साइड तयार होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांच्या बारीक फटीत त्याला जागाच नसते, म्हणून तो आतल्या आत पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. पाण्यात क्षार असतील तर हे कैक पटीने जोरात चालतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध क्षारच. खानदेशची हवा आठ महिने कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पावसाळ्यात त्या गोण्या ओल ओढतात, भुकटी उडून इंजिनवर बसते आणि चार पावसाळ्यांत प्लगचं असं होतं. खतं, मीठ किंवा गुरांचं मूत असेल तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनची गाडी ठेवू नका. आमच्या गोण्या मी त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवल्या.

नाना म्हणाले, "आते त्याले हात नको लावू. दोन दिन तेल पिऊ दे. जोर लावशी तं आटा जाई."

तेल म्हणजे अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ, अर्धं अर्धं. अ‍ॅसिटोन रंगाच्या दुकानात मिळालं, एटीएफ ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे. दोन्ही मिळून ४१० रुपये. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दरवेळी बाटली हलवून लगेच ओतायचं. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे ते ओलं असताना आसपास ज्योत चालत नाही. मी सकाळ-संध्याकाळ चार थेंब सोडायचो आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके ठोके द्यायचो. ठोक्यांनी भुकटीला तडे जातात आणि तेल आत शिरतं. हेडच्या नटांनाही तेच पाजलं.

१७ मेला हेड काढायला घेतलं. नट सुटले, पण हेड स्टडवरच, म्हणजे ज्या उभ्या दांड्यांवर ते बसतं त्यांवर, धरून बसलं, तिथेही तीच भुकटी. लाकडी मोगरीने चारी बाजूंनी आलटून पालटून ठोकत पाऊण तास गेला. खाचेत पेचकस घालून उचकटायचा मोह होतो. तो केला तर हेडची बसण्याची जागा खरचटते आणि मग कॉम्प्रेशन गळतं. नाना एका बाजूला दोनाहून जास्त ठोके मारत नव्हते.

हेड हातात आल्यावर ते उन्हात पूर्ण वाळवलं आणि तापवलं. उष्णतेचा हिशोब सोपा आहे. एका अंशाला अ‍ॅल्युमिनियम साधारण दहा लाखांत २३ भाग फुगतं, पोलाद १२. चौदा मिलिमीटरच्या भोकात शंभर अंश वाढले तर दोघांमध्ये फरक पडतो जेमतेम दीड शतांश मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण जाम झालेल्या आट्याला तेवढं पुष्कळ असतं. हीट गनने सगळं हेड सारखं तापवायचं, एकाच जागी ज्योत धरायची नाही. पाण्याचा थेंब टाकला की नाचून उडाला पाहिजे, त्याच्या फार पुढे जायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, म्हणून डोळ्यांना फसगत होते. लोखंडाच्या सवयीने कोणी 'लाल होऊ दे' म्हणत थांबला तर हेड थेट ओघळतं.

आमचा तुकडा तापवूनही निघाला नाही. पकडायला वर काही उरलंच नव्हतं. आत ईझी-आउट, म्हणजे तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढायचं निमुळतं हत्यार, घालावा असं मी म्हणालो, तर नानांनी मान हलवली. ईझी-आउट पातळ कवचात बसवला की ते कवच आणखी फुगवतो, आणि तो स्वतः इतक्या कडक पोलादाचा असतो की आत मोडला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही.

मग जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. नानांनी आतली उरलेली चिनी माती आणि मधला दांडा पंचाने खाली पाडला. राहिलं ते आट्यांचं पोकळ पोलादी कवच. हेड लाकडाच्या फळ्यांत धरून बाकावर पकडलं. हॅक्सॉचं नुसतं पातं हातात घेऊन, एका टोकाला चिंधी गुंडाळून, त्यांनी आतून उभी खाच पाडायला सुरुवात केली. आठ-दहा ओढी झाल्या की थांबायचं, फुंकर मारायची, मोबाइलचा उजेड पाडायचा. पोलाद करडं दिसतं. ज्या क्षणी खाचेच्या तळाशी आट्याच्या शेंड्यांचे पांढरट ठिपके एकाखाली एक चमकले, त्या क्षणी त्यांनी पातं बाजूला ठेवलं. एक ओढ जास्त झाली असती तर अ‍ॅल्युमिनियम कापलं गेलं असतं. अशा तीन खाचा पाडायला दोन दिवस गेले, १८ आणि १९ मे. बाहेर पारा ४४च्या वर, पत्र्याखाली तर बोलायलाच नको. मग बारीक छन्नीने खाचेच्या कडेवर आतल्या बाजूला हलके ठोके. पहिली पट्टी आत वळली आणि टक्कन खाली पडली. दुसरीही आली. तिसरी अर्धी तुटली, आणि तिची पातळ चकती तळाच्या आट्यांत चिकटून राहिली. ती छन्नीने काढायला गेलं असतं तर आटे गेले असते.

इथे मदतीला आले नानांचे मित्र, घड्याळं दुरुस्त करणारे एक काका. ते म्हणाले, घड्याळात पोलादी स्क्रू मोडला की आम्ही तो तुरटीत विरघळवतो, पितळेला काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमलाही तुरटी फारसं काही करत नाही, पोलादाला मात्र खाते. मला ते खरं वाटेना. किराणा दुकानातून ३० रुपयांची तुरटी आणली. आईने तिचं जुनं मडकं दिलं आणि माझं पूर्ण ऐकल्यावर विचारलं, "हेड शिजवणार म्हणजे नक्की काय करणार?" गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी टाकून मडकं अंगणातल्या चुलीवर ठेवलं. उकळू द्यायचं नाही, वाफ निघत राहील इतपत आच ठेवायची. हेड आत सोडलं. पंधरा मिनिटांत त्या चकतीवरून अगदी बारीक बुडबुडे वर यायला लागले, फक्त तिथूनच. बाकी हेड शांत. ते पाहून मी अप्पांना हात धरून चुलीपाशी घेऊन गेलो. सगळ्या प्रकारात ते पहिल्यांदा हसले.

२० आणि २१ मे असे दोन दिवस हे चाललं. दर दोन तासांनी हेड काढून पोलादावरची काळी बुळबुळ जुन्या दातांच्या ब्रशने साफ करायची, पाणी आटेल तसं वाढवायचं. पाणी तांबूस झाल्यावर एकदा बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चकती सुकलेल्या पानासारखी झाली आणि चिमट्याने उचलली गेली. खालचे आटे शाबूत. हेड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात धुतलं. चकाकी जाऊन ते राखाडी पडलं, एवढीच किंमत.

यात दोन गोष्टी सांभाळा. हे टू-स्ट्रोकच्या हेडला चाललं कारण त्यात व्हॉल्व्हच्या पोलादी सीट किंवा गाइड नसतात. बुलेटचं किंवा कुठलंही फोर-स्ट्रोक हेड असं मडक्यात घालू नका, तुरटी हवं ते पोलाद आणि नको ते पोलाद असा भेद करत नाही. बीडाचा सिलिंडर, बेअरिंग असलेली क्रँककेस (इंजिनची खालची पेटी) यांनाही हा उपाय नाही. आणि तुकडा स्टेनलेसचा असेल तर तो विरघळतच नाही. भांडं लोखंडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं नको, मातीचं, काचेचं किंवा एनॅमलचं घ्या, आणि काम उघड्यावर करा.

पुढे क्लच. इतकी वर्षं उभी राहून प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणून डावं कव्हर उघडणं भाग होतं. त्याचे स्क्रू जुन्या पद्धतीचे, एका खाचेचे, सहा एमएमचे. आता मी शहाणा झालो होतो. आधी तीन दिवस तेल. २५ मेला जळगावहून हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, ४८० रुपये. त्याची डोकी खाचेत ढिली बसत होती, ती ग्राइंडरवर घासून खाचेच्या जाडीची केली. या घासण्याला वीस मिनिटं लागली आणि स्क्रू वाचले ते त्यामुळेच. ड्रायव्हर ढिला बसला की पहिल्या फटक्यात खाच फाटते. आधी किंचित घट्ट दिशेला एक फटका, मग सोडायच्या दिशेला. करकर असा कोरडा आवाज करत एकेक सुटत गेला. सुटलेला स्क्रूसुद्धा एका दमात बाहेर काढायचा नाही. अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, पुन्हा तेल.

दोन स्क्रूंच्या खाचा आधीच्या कोणीतरी छन्नीने उडवलेल्या होत्या. त्यांची फक्त डोकी ड्रिलने उडवली. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण जातो, कव्हर निघून येतं आणि खाली दांडी बोटभर उभी राहते. क्रँककेसवर हीट गन धरली, व्हाइस-ग्रिपने दांडी पकडून पुढे-मागे केली. एक लगेच आली. दुसरीला संध्याकाळ लागली.

क्रँककेस काळी पडली होती म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या लेथवाल्याने वाळूच्या फवाऱ्याने साफ करून देऊ का, असं विचारलं. मी नको म्हणालो. इंजिन नंबर तिथेच कोरलेला असतो, आणि तपासणीला तो आरसीशी जुळवून पाहतात. नंबरवर कानस, वायर ब्रश, वाळू, काही लावायचं नाही. मी त्यावर चिकटपट्टी लावून आजूबाजूचं चिंधीने पुसलं. त्याच लेथवाल्याने प्लगचे आटे तपासले. १४ बाय १.२५चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, ग्रीस लावून हाताने फिरवला, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. तोंडाचे दोन आटे खाल्लेले होते, बाकीचे धडधाकट. पुढेमागे गरज पडली तर हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी, बसवायची, सध्या नको, असं ठरलं. टॅपिंगचे त्याने १५० रुपये घेतले.

जोडणी ७ आणि ८ जूनला केली. सगळं परत अडकू नये यासाठीची मेहनत खरी इथे आहे, आणि हीच माणसं उरकून टाकतात. प्रत्येक भोक ब्रशने साफ करून वाळवलं. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्टचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या मलमाचा, पातळ हात दिला, नखाएवढी पेस्ट एका स्क्रूला पुरते. ट्यूब ३५० रुपयांची, तिच्यात दहा गाड्या होतील. पेस्ट नसेल तर निदान ग्रीस लावा, कोरडा स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये घालू नका. वंगण लागलेला आटा कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून हात हलका ठेवा. सहा एमएमला आठ-दहा न्यूटन-मीटर पुष्कळ झाले. चकाकतात म्हणून लोक स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट घालतात. मी घातले नाहीत. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमचं आपसात साध्या पोलादाहूनही जास्त वाकडं आहे, पेस्टशिवाय ते आणखी जाम होतात.

प्लगच्या बाबतीत मतं वेगळी आहेत. एनजीके म्हणतं की त्यांच्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, पेस्ट लावू नका, कारण मग प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. नाना पेस्ट लावायच्या बाजूचे. मी अगदी पुसटशी लावली, शेवटचे दोन आटे कोरडे ठेवून. इंजिन थंड असताना प्लग आधी बोटांनीच टेकेपर्यंत फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर आटा तिरपा धरतोय, काढून परत सुरुवात करायची. टेकल्यावर नवीन वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस.

९ जूनला दुपारी, ढग आले असताना, चौथ्या किकला गाडी सुरू झाली. अप्पांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "डाव्या सायलेन्सरात काजळी आहे." होती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. तो मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे आमच्या बाबतीत जूनच्या मध्यापासून. उशीर केला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जास्त लागतात. अर्ज मी नाशिकहूनच परिवहनच्या पोर्टलवर भरला. विमा संपलेला होता. थर्ड पार्टीचा हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी तेव्हा वर्षाला १,३६६ रुपये, वर जीएसटी. मग पीयूसी. नूतनीकरणाची फी तेव्हा १,००० रुपये होती, आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००. २६ जुलैला रजा टाकून गाडी चालवत जळगावला नेली. सकाळी दहाला रांगेत लागलो, नंबर आला दीडला. इंजिन आणि चासीचे नंबर, दिवा, हॉर्न, ब्रेक पाहिले. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा असतो, तो मी घरूनच नेला होता. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांहून जुन्या दुचाकीची फी २,००० झाली आहे, तेवढं धरून चला. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करता येते का, असं बरेच जण विचारतात. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते. आमची अजून चाळिशीतली.

२०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी गाडी धुतली आणि वाळल्यावर प्लगला पाना लावला. मधे दोन पावसाळे गेले होते, त्यामुळे छाती धडधडत होती. पाव फेऱ्याला तो सुटला आणि पुढे बोटांनी फिरवून काढला. पेस्ट तशीच मऊ, भुकटीचा कण नाही. अप्पांनी हात पुढे केला. मी प्लग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, स्टुलावर बसले आणि थरथरत्या बोटांनी स्वतःच परत आत फिरवला.